सव्वादोन लाखांचा सोफा, की कारागिराकडून ‘अगदी तसाच’?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वाकडमध्ये तुम्ही दोन बेडरूमची सदनिका घेतली आहे आणि तिचा हॉल १०.५ बाय १६.५ फुटांचा आहे. एका शोरूममध्ये तुम्हाला जमिनीलगतचा, खोल बैठकीचा, पांढरट बुक्ले (फासे सुटलेल्या, खडबडीत विणीच्या) कापडाचा तीन आसनी सोफा आवडला असून त्याची किंमत सव्वादोन लाख आहे. त्याच्या समोर दोन डिझायनर लाउंज खुर्च्या ठेवण्याचाही विचार आहे. भवानी पेठेतील टिंबर मार्केटजवळच्या एका कारागिराने फोटो पाहून ‘अगदी तसाच’ सोफा नव्वद हजारांत करून देण्याची तयारी दाखवली आहे. घरात तुम्ही दोघे, पाच वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखीचा त्रास असलेल्या सासूबाई अशी चार माणसे आहेत. शोरूम की कारागीर, एवढेच तुम्ही विचारले आहे.

मी पुण्यातील घरांसाठी बैठकीच्या फर्निचरचे आरेखन करते आणि ते कारागिरांकडून बनवूनही घेते. त्या अनुभवावरून सांगायचे तर वस्तू कोणाकडून घ्यायची हा तुमच्या प्रश्नातला दुय्यम भाग आहे. तुम्ही निवडलेला आकार घरातल्या चारपैकी निदान एका व्यक्तीला रोज त्रासदायक ठरणार आहे, आणि तो त्रास सव्वादोन लाखांच्या सोफ्यात जितका होईल तितकाच नव्वद हजारांच्या सोफ्यातही होईल. म्हणून आधी आकाराचा, मग आतल्या साहित्याचा आणि सर्वांत शेवटी विक्रेत्याचा विचार करावा, असे मला वाटते.

हे उत्तर काही गोष्टींवर अवलंबून आहे, हे सुरुवातीलाच सांगून ठेवते. सासूबाई कायम तुमच्याकडे राहतात, घर स्वतःचे आहे आणि सोफ्याचा वापर रोज काही तास होणार आहे, असे मी गृहीत धरले आहे. सासूबाई वर्षातून महिनाभरच येत असतील, किंवा दोन-तीन वर्षांत बदलीचा संभव असेल, तर खालच्या सल्ल्यातला बराचसा भाग बदलेल.

असे ठेंगणे, गुबगुबीत सोफे मुळात ऐसपैस लोळण्यासाठी आखलेले असतात. या वळणाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे फ्रान्समधील मिशेल ड्युकारॉय यांनी १९७३ साली लिन्ये रोझे या कंपनीसाठी केलेला ‘टोगो’. त्यात लाकडी सांगाडा नाहीच, सगळी बैठक फोमची आहे, आणि ताठ बसण्याऐवजी जमिनीलगत सैलावून बसणाऱ्यांसाठी ती केलेली आहे. आज आपल्याकडे दिसणाऱ्या अशा सोफ्यांत बैठकीची उंची साधारण १४ ते १५ इंच आणि खोली २४ ते २६ इंच असते, पाठ बुटकी आणि मागे कललेली असते. पंचविशीतल्या मित्रमंडळींच्या घरात असा सोफा फार छान चालतो. तुमच्या घरात मात्र तो बैठकीतला एकमेव सोफा असणार आहे.

खुर्चीवरून उठताना सासूबाई नेमके काय करतात, ते एकदा लक्षपूर्वक पाहा. त्या आधी पुढे सरकतात, मग टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे घेतात, हाताखाली काहीतरी घट्ट धरून जोर देतात आणि मग उठतात. या तिन्ही हालचालींना सोफ्याने वाव द्यावा लागतो. बैठक खोल असली की पुढे सरकणेच कष्टाचे होते. सोफ्याचे बूड थेट जमिनीला टेकलेले असले की टाचा मागे जाऊ शकत नाहीत. त्यासाठी बैठकीखाली निदान चार-पाच इंच मोकळी जागा हवी. आणि हात फार बुटके, मऊ किंवा बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत न येणारे असले, तर जोर द्यायला काही सापडतच नाही. शोरूममध्ये आपण बसून पाहतो, पण उठण्याकडे लक्ष देत नाही. माझा आग्रह असा की सासूबाईंना बरोबर न्यावे, त्यांना किमान पंधरा मिनिटे बसू द्यावे आणि त्या कोणाचाही आधार न घेता उठतात का, तेवढे पाहावे.

उंचीचे मापही जरा विचारपूर्वक घ्यावे लागते, कारण विक्रेता सांगतो ती उंची रिकाम्या कुशनची असते. माणूस बसल्यावर मऊ कुशन दोन इंचांपर्यंत सहज दबते, म्हणजे १७ इंचांची बैठक प्रत्यक्षात १५ इंचांवर येते. एकाने बसावे आणि दुसऱ्याने जमिनीपासून दबलेल्या कडेपर्यंत टेप लावावी. गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीसाठी हे माप १७ ते १८ इंचांच्या दरम्यान असावे, असे मी धरते. खोलीसाठी त्यांना सरळ पाठीच्या खुर्चीत पूर्ण टेकवून बसवा आणि पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंतचे अंतर मोजा. पाच फूट दोन इंचांच्या आसपास उंची असलेल्या स्त्रीचे हे अंतर साधारण १७ ते १८ इंच भरते. गुडघ्याच्या मागे दोन बोटांची मोकळी जागा सोडायची असते, हे लक्षात घेतले तर २५ इंच खोलीच्या सोफ्यावर त्यांच्यासमोर दोनच पर्याय उरतात : पाय अधांतरी ठेवून मागे टेकणे, किंवा पाठीला आधार न घेता कडेला बसणे. सगळ्या कुटुंबाने वापरायच्या सोफ्याची खोली मी २० ते २१ इंच ठेवते. ज्यांना तीही जास्त वाटते त्यांनी पाठीशी छोटी उशी घ्यावी.

तुमच्या हॉलची रुंदी हाही यात एक मुद्दा आहे. १०.५ फूट म्हणजे १२६ इंच. खोल सोफ्याची एकूण खोली, पाठीसह, ४० इंचांच्या घरात जाते. समोरचे टीव्ही युनिट १६ इंचांचे धरले तर मध्ये ७० इंच राहतात. त्यात २४ इंचांचा टीपॉय आणि सोफा व टीपॉय यांच्यामध्ये पायांसाठी १६ इंच सोडले की येण्या-जाण्याला ३० इंच उरतात, आणि त्याच पट्ट्यात तुम्ही दोन लाउंज खुर्च्या ठेवू म्हणता. ते जमणार नाही. सोफा ३४ इंचांचा घेतला तर सहा इंच परत मिळतात आणि बाल्कनीच्या बाजूला तिरपी ठेवलेली एक खुर्ची आरामात बसते. एकच, दोन नव्हेत.

आता कारागिराच्या ‘अगदी तसाच’ या शब्दांकडे वळू. फोटोवरून सोफा करून देणे म्हणजे ताटाच्या फोटोवरून आमटीचे तिखटमीठ ठरवण्यासारखे आहे. फोटोत बाह्यरेषा आणि कापड दिसते. पाठीचा कोन, कुशनचे थर, सांगाड्याचे लाकूड आणि बैठकीखालची यंत्रणा यांतले काहीही दिसत नाही, आणि सोफ्याचे आयुष्य व सुख नेमके याच गोष्टींवर ठरते. हा काही कारागिरावरचा अविश्वास नव्हे. पुण्यात उत्तम हाताचे सोफा कारागीर आहेत आणि मोठ्या शोरूममधल्या बऱ्याच मालावरही अशाच हातांचे काम असते. पण कारागिराला फोटो दिला तर तो फोटोच करून देईल. मापे आणि साहित्य लिहून दिले, तर सोफा करून देईल.

सांगाड्यासाठी सागवान वापरलाच पाहिजे असे नाही. तो कापडाखाली झाकला जाणार असेल, तर नीट वाळवलेले दुसरे कठीण लाकूड आणि चांगला प्लाय यांचा मेळ पुरतो. खोक्यांचे जुने पाइन, गाठी असलेले किंवा ओलसर लाकूड मात्र नको, कारण पावसाळ्यात फुगून आणि उन्हाळ्यात आकसून त्याचे सांधे सैल होतात, आणि मग बसले की सोफा कुरकुरतो. प्लायवर आयएसआयचा शिक्का आणि मानकाचा क्रमांक पाहा. आयएस ३०३ मध्ये ओलाव्याला जेमतेम तोंड देणारी एमआर आणि उकळत्या पाण्याची चाचणी सोसणारी बीडब्ल्यूआर अशा दोन प्रती येतात. त्यातली दुसरी घ्यावी. आयएस ७१० हा मरीन प्लाय दिवाणखान्यातल्या सोफ्याला लागत नाही, त्यावर पैसे खर्चू नयेत. तयार सोफ्याचा सांगाडा तपासण्याची एक सोपी रीत आहे : पुढचा एक पाय वीतभर उचला. तेवढ्यात शेजारचा पुढचा पायही जमिनीवरून सुटला असेल तर सांगाडा ताठ आहे; तो जमिनीवरच राहिला तर सोफा पिळला जातो आहे. नंतर सोफा उलटा करून खालचे काळे कापड कोपऱ्यातून थोडे उघडून दाखवायला सांगा. चांगला विक्रेता नकार देत नाही. आत झिगझॅग स्प्रिंग असतील तर त्या चार-पाच इंचांच्या अंतरावर असाव्यात, पट्टे असतील तर ते उभे-आडवे विणलेले आणि ताणलेले असावेत.

फोमबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण फसगत सर्वांत जास्त तिथे होते. घनता आणि कडकपणा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, पण दुकानात त्या सर्रास एकच मानून बोलल्या जातात. फोम किती टिकेल हे मुख्यतः घनता सांगते, म्हणजे एका घनमीटरचे वजन किती किलो. तो बसायला कसा वाटेल हे कडकपणा सांगतो. कमी घनतेचा फोमही कडक करता येतो, तो शोरूममध्ये भरीव वाटतो आणि वर्ष-दोन वर्षांत मधोमध खड्डा पडतो. रोजच्या वापराच्या बैठकीसाठी ४० घनतेचा फोम, शक्य असेल तर एचआर (दाबल्यावर चटकन पूर्ववत होणाऱ्या) प्रतीचा, आणि पाठीसाठी त्याहून हलका व मऊ फोम, असे मी सांगते. आणि ‘चाळीस डेन्सिटी आहे’ या तोंडी ग्वाहीवर थांबायची गरज नाही. कुशनची चेन उघडून फोम बाहेर काढा आणि वजनकाट्यावर ठेवा. २४ बाय २४ इंचांचा, ५ इंच जाडीचा तुकडा ४० घनतेचा असेल तर साधारण १ किलो ९०० ग्रॅम भरतो, ३२ घनतेचा असेल तर दीड किलो, आणि २४ घनतेचा असेल तर १ किलो १०० ग्रॅमच्या आसपास. बॅग तोलायचा छोटा हुकवाला काटाही या कामाला चालतो. एवढे केले तरी सोफ्याच्या आयुष्याबद्दलचा निम्मा अंदाज हाती येतो. रिबॉन्डेड फोम, म्हणजे तुकडे चिकटवून केलेला, वजनाला पुष्कळ जास्त भरतो, पण तो दिसताच ओळखू येतो. त्याचे ठिगळ रंगीत असतात.

कापडाबद्दल माझे मत स्पष्ट आहे : पाच वर्षांच्या मुलाच्या घरात पांढरट बुक्ले घेऊ नका. बुक्लेच्या पृष्ठभागावर धाग्याचे सुटे फास असतात, त्यात बांधकामांची बारीक धूळ अडकते, आणि वाकड-हिंजवडीच्या पट्ट्यात तिची वानवा नाही. खेळण्याच्या टोकाला एक फास अडकला की धागा ओढला जातो. घट्ट विणीचे, मध्यम छटेचे, थोडे मिश्र रंगाचे कापड निवडा आणि त्याची मार्टिनडेल चाचणीची, म्हणजे कापड किती घासण्या सोसते याची, संख्या विचारा. घरगुती रोजच्या वापराला २५,००० किंवा त्याहून जास्त असावी. बैठकीच्या आणि पाठीच्या गवसण्या चेन लावून काढता येण्याजोग्या करून घ्या. (गवसणीवर हळदीचा डाग पडलाच तर धुऊन ती उन्हात टाका, उन्हाने हळदीचा पिवळेपणा उतरतो.) लेदरेटबद्दल (कृत्रिम चामड्याबद्दल) कोणी सुचवले तर सावध राहा. त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटित होतो आणि काही पावसाळ्यांनंतर त्याचे पापुद्रे सुटायला लागतात. त्याची दुरुस्ती होत नाही, सगळे कापडच बदलावे लागते.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर तुम्हाला ३४ इंच एकूण खोलीचा, दबल्यावर १७ इंचांहून उंच राहणारा, खाली मोकळा, हाताला टेकू देणारा आणि गवसण्या काढता येणारा सोफा हवा आहे. असा सोफा कारागिराकडून करून घेण्यात काहीच कमीपणा नाही. उलट सासूबाईंच्या मापाप्रमाणे बैठक हवी असेल, तर तोच मार्ग सोयीचा.

आता खुर्चीकडे वळते, कारण डिझाइनवर खर्चायचे पैसे खुर्चीवर खर्चावेत, सोफ्यावर नव्हे, असे माझे ठाम मत आहे. सोफ्याचा बहुतेक भाग फोम आणि कापड. आठ-दहा वर्षांत दोन्ही बदलावे लागतात आणि मग मूळ आरेखनातले फारच थोडे शिल्लक राहते. खुर्चीत लपवायला जागाच नसते. सांधा, कोन, लाकडाची जाडी सगळे उघडे असते आणि तेच तिचे रूप असते. शिवाय खुर्ची लिफ्टमधून कोणत्याही घरात जाते, बेडरूममध्ये हलवता येते, पुढच्या पिढीकडेही जाऊ शकते. तुमच्या अंदाजपत्रकात सोफ्यावर वाचणाऱ्या रकमेतून एक फार चांगली खुर्ची येते.

पण कोणती, हे ठरवताना ती इथे नीट बनवता येते का, असा प्रश्न मी आधी विचारते. चार्ल्स आणि रे ईम्स यांची १९५६ सालची लाउंज खुर्ची सर्वांना माहीत आहे. तुमच्याही मनात बहुधा तीच असावी. तिची कवचे साच्यात उष्णतेने दाबून वळवलेल्या प्लायची असतात आणि ती रबराच्या लवचिक तुकड्यांनी जोडलेली असतात, त्यामुळे पाठ किंचित लवते. हर्मन मिलर या कंपनीकडून मूळ खुर्ची घ्यायची तर काही लाख मोजावे लागतात. बाजारातल्या नकलांमध्ये कवचे जाड, कोन सरळ आणि गादी फुगलेली असते. काहींना तर मागे झुकण्याचा खटकाही बसवलेला असतो, जो मूळ खुर्चीत नाहीच. अशी नक्कल दिसायला तशी, बसायला वेगळी. ती घेऊ नये.

याउलट चंडीगढच्या कार्यालयांसाठी आणि विद्यापीठासाठी १९५०च्या दशकात वास्तुकार पिएर जाँनरे यांच्या आरेखनातून झालेल्या खुर्च्या पाहा. सागवान, वेताची वीण आणि वर्तुळ काढायच्या कर्कटकाच्या पायांसारखे तिरपे आधार, एवढाच त्यांचा संसार, आणि त्या इथल्याच सुतारांच्या हातांनी घडल्या. त्या वळणाची खुर्ची टिंबर मार्केटमधून निवडलेल्या लाकडातून आणि चांगल्या वेतकाम करणाऱ्याकडून पुण्यात प्रामाणिकपणे होऊ शकते. हान्स वेग्नर यांची १९४९ सालची विशबोन खुर्ची मात्र दिसते तितकी सोपी नाही; तिची वाफेने वळवलेली कमान आणि सुमारे १२० मीटर कागदी दोरीची बैठक हे वेगळेच कौशल्य आहे. पोलादी नळीच्या खुर्च्यांसाठी नळी वाकवणारे कारखाने भोसरीत मिळतात, परंतु मागचे पाय नसलेल्या झुलत्या प्रकारात नळीची जाडी आणि पोलादाची प्रत चुकली की खुर्ची हळूहळू मागे झुकते, म्हणून त्या वाटेला अनुभवी आरेखक सोबत नसेल तर जाऊ नका.

नक्कल कायदेशीर आहे का, असेही लोक विचारतात. डिझाइन्स अधिनियम, २००० नुसार नोंदणीकृत आरेखनाला १० वर्षे आणि वाढवून घेतल्यास आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. त्यामुळे विसाव्या शतकातल्या बहुतेक जुन्या आकारांना त्या अधिनियमाखाली आज संरक्षण उरलेले नाही. पण नकलेला मूळ कंपनीचे नाव किंवा चिन्ह लावून विकणे ही सरळ फसवणूक आहे. आणि एखाद्या तरुण भारतीय आरेखकाची चालू खुर्ची फोटोवरून करून मागणे मला स्वतःला पटत नाही. ती त्यांच्याकडूनच घ्यावी.

कारागिराला काम देताना फोटोऐवजी एका कागदावर मापे, फोमची घनता, प्लायची प्रत, स्प्रिंगचे अंतर आणि कापडाचे नाव लिहून द्या आणि त्यावर दोघांच्या सह्या करा. हे सगळे तंतोतंत पाळायचे तर नव्वद हजारांचा भाव थोडा वर जाईल, आणि तो जावा. पैशांचे तीन हप्ते ठरवा व मधला हप्ता सांगाडा आणि फोम तयार झाल्यावर, कापड चढण्याच्या आधी द्या. त्या दिवशी सासूबाईंना घेऊन जा आणि उघड्या फोमवर बसवून, उठवून पाहा. या टप्प्यावर पाय अर्धा इंच वाढवणे किंवा हात उंच करणे हे तासाभराचे काम असते. कापड चढल्यावर कोणताही कारागीर त्याला नाखूश असतो. कारागीर या अटींना तयार नसेल, तर शोरूमकडेच जा, पण तिथल्या साध्या, उंच पायांच्या मॉडेलकडे. अनेक ठिकाणी बैठकीची उंची ऑर्डरप्रमाणे बदलून मिळते.

ऑर्डर देण्याआधी इमारतीच्या लिफ्टचे दार, लिफ्टची आतली उंची आणि तुमच्या मुख्य दाराची चौकटीच्या आतली रुंदी मोजून त्या कागदावर लिहा. सात फुटांचा अखंड सोफा प्रवासी लिफ्टमध्ये उभा केला तरी बहुधा मावत नाही, म्हणून तो दोन भागांत, आतून बोल्टने जोडता येईल असा करून घ्या आणि पाय स्क्रूचे ठेवा.